नवीन घराच्या परमिटमध्ये 'पार्क्स'ची एवढी मोठी फी? हे काय प्रकरण आहे?

घरकुल_ओरेगन

नमस्कार मंडळी, पोर्टलंडच्या बाजूच्या एका छोट्या शहरात आम्ही प्लॉट घेतलाय आणि त्यावर घर बांधायचं चाललंय. काल बिल्डरनं परमिटच्या खर्चाचं पान पाठवलं. प्लॅन रिव्ह्यू, बिल्डिंग परमिट वगैरे ठीक आहे, ते धरलेलंच होतं, पण खाली एसडीसी म्हणून एक वेगळाच गठ्ठा आहे, पाणी, सांडपाणी, पावसाचं पाणी, रस्ते आणि पार्क्स, आणि त्यातली एकट्या पार्क्सची रक्कम पाच आकडी! पाणी-गटार समजू शकतो, ते लोक जोडणी देणार, रस्त्याचंही कसंबसं पटतं. पण पार्क?

घराजवळ चालत जाण्यासारखं एकच पार्क आहे, जुनं, त्यात दोन झोके आणि एक घसरगुंडी, तीही मधोमध तडकलेली, दोन वर्षं झाली तिला पिवळी पट्टी गुंडाळून ठेवलीय. एवढे पैसे घेतात तर ती आधी बदला ना.

बिल्डरला विचारलं तर म्हणाला सगळेच भरतात, मीटिंगला उशीर होतोय. सिटीच्या काउंटरवर गेलो तर त्यांनी एक वीस पानी पीडीएफ हातात दिली, त्यात नुसती कोष्टकं. तर जाणकारांनी सांगा, हे नक्की कशाचे पैसे आहेत, आपण दरवर्षी प्रॉपर्टी टॅक्स भरणारच आहोत मग हे दोनदा नाही का झालं, हे पैसे आमच्या भागातल्या पार्कात लागणार की कुठेतरी लांब, आणि कमी करता येतात का की गुपचूप भरून मोकळं व्हायचं? बायकोचं मत आहे की गुपचूप भरून मोकळं व्हावं.

नकाशेवाला

मी प्लॅनिंगमध्ये आहे, अशा फियांचे हिशोब करणाऱ्या टीममध्ये काही वर्षं काढलीत, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

एसडीसी म्हणजे सिस्टिम डेव्हलपमेंट चार्ज. ओरेगनचं नाव हे, कॅलिफोर्निया-वॉशिंग्टनकडे याला इम्पॅक्ट फी किंवा मिटिगेशन फी म्हणतात. कल्पना साधी आहे. गावात नवीन घर आलं की नवीन माणसं आली, ती पार्कात जाणार, ट्रेलवर चालणार, पोरं मैदानावर खेळणार. पार्क तेवढंच राहिलं आणि माणसं वाढत गेली तर आधीच्यांच्या वाट्याला कमी येतं. तर ही वाढलेली माणसं सामावून घ्यायला जेवढी नवीन जागा आणि नवीन बांधकाम लागेल तेवढा खर्च नवीन घरानं एकदाच, परमिटच्या वेळी द्यायचा. ओरेगनच्या कायद्यात या फीखाली पाचच गोष्टी बसतात, तुमच्या पानावर आहेत त्याच पाच. शाळा त्यात नाही, पोलीस नाही, लायब्ररी नाही.

आता रक्कम कुठून येते ते बघा. आकडे मी समजुतीसाठी घेतोय, तुमच्या शहराचे वेगळे असतील. समजा शहरानं धरलंय की दर १,००० माणसांमागे ३ एकर पार्क असलं पाहिजे. एका घरात सरासरी अडीच माणसं धरली तर एका घरामागे ०.००७५ एकर येतं, म्हणजे साधारण ३२७ चौरस फूट, तुमच्या दोन गाड्यांच्या गॅरेजहून जरा कमीच. जमीन एकरी ५ लाख डॉलर धरली तर नुसत्या जमिनीचे ३,७५० डॉलर. पण मोकळी जमीन म्हणजे पार्क नाही. ती सपाट करायची, पाण्याच्या लाइनी टाकायच्या, पायवाट, झाडं, खेळणी, स्वच्छतागृह, पार्किंग, दिवे. त्याचे एकरी १० लाख धरले की आणखी ७,५००. झाले ११,२५०. पाच आकडे असे होतात. लोकांना वाटतं कुणीतरी मनाला येईल तो आकडा टाकलाय, पण त्या वीस पानी पीडीएफमध्ये हाच गुणाकार असतो, फक्त वाचणाऱ्याला झोप येईल अशा भाषेत.

'प्रॉपर्टी टॅक्स भरतो मग हे कशाला' याचं उत्तर जरा कडू आहे. पूर्वी शहरं पार्कं टॅक्समधून आणि कर्जरोखे काढून बांधायची. मग कॅलिफोर्नियात १९७८ ला प्रपोझिशन १३ आलं, टॅक्स घराच्या किमतीच्या १ टक्क्याला बांधला गेला आणि जोवर घर विकत नाही तोवर करपात्र किंमत वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही असं ठरलं. ओरेगनमध्ये १९९० चं मेझर ५ आणि १९९७ चं मेझर ५०, त्यात करपात्र किमतीची वाढ वर्षाला ३ टक्क्यांवर अडकली. मतदारांनी स्वतःच टॅक्सला टाळं ठोकलं, खर्च तर वाढतच होता. मग ज्याचं अजून गावात मत नाही, जो अजून राहायलाच आलेला नाही, त्याच्याकडून घेणं सगळ्यात सोपं. मी हिशोब करायचो तरी हे मान्य करतो की या फियांच्या लोकप्रियतेचं निम्मं कारण हेच आहे.

घरकुल_ओरेगन

नकाशेवाला, खूप आभार, पहिल्यांदा कुणीतरी माणसाच्या भाषेत सांगितलं. पण मग ती घसरगुंडी? माझे ११ हजार घेऊन दीड हजाराची घसरगुंडी बदलता येत नाही?

नकाशेवाला

नाही येत, आणि यात शहराचा आडमुठेपणा नाही, कायदाच तसा आहे.

ओरेगनमध्ये या फीचे दोन भाग असतात. एक रीइम्बर्समेंट, म्हणजे शहरानं आधीच जास्तीची क्षमता बांधून ठेवलीय, तिचा तुमचा वाटा. दुसरा इम्प्रूव्हमेंट, पुढे बांधायच्या कामांसाठी. पार्क्समध्ये बहुतेक पैसा दुसऱ्यात असतो आणि तो फक्त क्षमता वाढवणाऱ्या भांडवली कामावरच खर्च करता येतो, तेही शहरानं आधी छापलेल्या कामांच्या यादीत असलेल्या. तडकलेली घसरगुंडी बदलली तर क्षमता वाढली का? नाही, होती तेवढी परत आली. ती दुरुस्ती झाली, आणि दुरुस्तीला, गवत कापायला, कचरा उचलायला, माळ्याच्या पगाराला या फीतला एक सेंट वापरता येत नाही. त्याच पार्कात शेजारची जागा घेऊन नवीन मैदान केलं तर चालेल. गवताचं मैदान काढून कृत्रिम गवत आणि दिवे लावले, म्हणजे पावसाळ्यात आणि रात्रीही खेळता येईल, तर तेही क्षमता वाढली म्हणून बऱ्याच ठिकाणी बसवतात. त्यामुळे गंमत अशी होते की घसरगुंडीला पट्टी तशीच आणि तिच्या शेजारी फ्लडलाइट असलेलं चकाचक मैदान. बाहेरून बघणाऱ्याला हा मूर्खपणा वाटतो, वाटणारच.

अजून एक, हे फार कमी लोक विचारतात. शहराकडे आज किती पार्क आहे? समजा ४० हजार वस्ती आणि ८० एकर, म्हणजे हजारी २ एकर. आणि मास्टर प्लॅनमध्ये लिहिलंय हजारी ३ एकर हवं. म्हणजे आजच्याच लोकांसाठी ४० एकरांची तूट आहे. ती तूट नवीन घरांच्या डोक्यावर टाकता येत नाही. आधीच्या रहिवाशांची तूट त्यांनी भरायची, दुसऱ्या पैशातून. फी लावताना अभ्यासात हे वेगळं काढून दाखवावं लागतं. त्या पीडीएफमध्ये 'ग्रोथ शेअर' की असाच काही रकाना असेल, प्रत्येक कामापुढे टक्के असतील. काही कामांना १०० टक्के लिहिलेलं दिसलं तर तिथे बोट ठेवून विचारा की हे काम फक्त नवीन लोकांसाठीच आहे का.

बिल्डरकी

बांधकामाच्या फायनान्समध्ये आहे, दुसरी बाजू मांडतो.

नकाशेवाल्यांचा गुणाकार बरोबर आहे पण तो गुणाकार शेवटी कुणाच्या खिशातून जातो ते पण बघा. पाठ्यपुस्तकात लिहितात की फी बिल्डर भरतो. बिल्डर कशाला भरेल, तो घराच्या किमतीत टाकतो. आणि बाजार तेवढी किंमत देत नसेल तर तो जमीनमालकाला कमी भाव देतो. तेही जमलं नाही तर प्रकल्पच करत नाही. म्हणजे घर घेणारा, जमीन विकणारा, नाहीतर जे घर बांधलंच गेलं नाही त्यात राहू शकला असता तो भाडेकरू, यांच्यापैकी कुणीतरी. छोट्या घराला जास्त मार बसतो, कारण खूप शहरांत अजूनही फी 'दर घरामागे' असते, ८०० फुटी टाउनहाउसला आणि ३,५०० फुटी बंगल्याला एकच आकडा. मग बिल्डर म्हणतो फी सारखीच भरायचीय तर मोठंच बांधू.

आणि ही फी परमिटच्या वेळी रोख जाते, जेव्हा घर विकायला अजून वर्षभर आहे. त्यावर व्याज चढतं. ते कुठल्या कोष्टकात नसतं. काही शहरं आता ती ताबा मिळायच्या वेळेपर्यंत पुढे ढकलू देतात, ते खरंच उपयोगाचं आहे.

मंजू_टेक्सास

आमच्याकडे वेगळीच तऱ्हा. टेक्सासचा इम्पॅक्ट फीचा कायदा १९८७ चा, त्यात पाणी, सांडपाणी, पावसाचं पाणी आणि रस्ते आहेत, पार्क नाहीच. मग इथली शहरं 'पार्कलँड डेडिकेशन' करतात, म्हणजे सबडिव्हिजन, मोठ्या जमिनीचे प्लॉट, पाडताना डेव्हलपरनं इतक्या घरांमागे इतकी एकर जमीन शहराला लिहून द्यायची, नाहीतर जमिनीऐवजी पैसे. हे चालतं की नाही यावर कॉलेज स्टेशन शहराची केस टेक्सासच्या सुप्रीम कोर्टात गेली होती, १९८४ ला कोर्टानं शहराच्या बाजूनं सांगितलं की कल्पना म्हणून हे घटनेत बसतं. पण आता २०२३ मध्ये विधिमंडळानं मोठ्या शहरांचे, ८ लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांचे, अपार्टमेंटच्या बाबतीत हात बांधलेत.

जमीन घेण्यातली मजा विचारू नका. मी एका शहराच्या पार्क्स बोर्डावर व्हॉलंटियर म्हणून बसायचे. डेव्हलपर जी जमीन 'उदार मनाने' द्यायला यायचा ती कशी असायची माहितीय? नाल्याकाठची पूर येणारी पट्टी, किंवा हाय टेन्शन वायरीखालची, किंवा असा उतार की बकरी पण विचार करेल. एकदा तर पावसाचं पाणी साठवायचा खड्डा, ज्याला कुंपण घालावं लागतं, तो नकाशावर हिरवा रंगवून 'पॅसिव्ह पार्क' म्हणून आणला होता. आमच्या चेअरबाईंनी चष्मा काढला, नकाशा उलटा केला आणि विचारलं, याच्यात पोरं कुठल्या महिन्यात खेळायची? सगळा हॉल हसला. म्हणून नियमात आता स्पष्ट लिहितात की किमान इतकी जागा सपाट हवी, रस्त्याला लागून हवी, पूररेषेतली जमीन धरली तर अर्धीच धरू किंवा धरणारच नाही.

पैसे घेतले तर वेगळी अडचण. छोट्या-छोट्या प्रकल्पांचे थोडे-थोडे पैसे जमतात आणि तोवर जमिनीचे भाव पुढे पळतात. दहा वर्षांनी त्यात अर्धं पार्क येतं.

सॅक्रामेंटोकर

+१ मंजूताई. कॅलिफोर्नियात जमीन-की-पैसे यासाठी क्विंबी अ‍ॅक्ट आहे, १९६५ सालचा, म्हणजे प्रपोझिशन १३ च्याही आधीचा. त्यात हजारी ३ एकरपर्यंत मागता येतं, आणि गावात आधीच त्याहून जास्त पार्क असेल तर ५ एकरपर्यंत. सबडिव्हिजन ५० प्लॉटची किंवा त्याहून लहान असेल तर जमीन मागता येत नाही, फक्त पैसे. ते पैसे पाच वर्षांच्या आत कुठल्यातरी कामाला बांधावे लागतात, नुसते बँकेत ठेवून चालत नाही. पण क्विंबी फक्त जमिनीचे तुकडे पाडताना लागतो, भाड्याच्या अपार्टमेंटला नाही, म्हणून शहरं त्याच्या जोडीला मिटिगेशन फी अ‍ॅक्टखालची वेगळी पार्क फी लावतात.

बिल्डरकी म्हणतायत त्या छोट्या घराच्या मुद्द्यावर, २०२१ ला एबी ६०२ हा कायदा आला, त्यानुसार नवीन फी-अभ्यास करताना घरांची फी चौरस फुटावर काढायची, नाही काढली तर का नाही ते लिहून द्यायचं. उशिरा सुचलं पण सुचलं.

घरकुल_ओरेगन

मंडळी भारी माहिती मिळतेय. एक शंका. आमच्या शहराच्या यादीत बघितलं तर निम्मी कामं पार्कं नाहीतच, ट्रेल आहेत, ओढ्याकाठचा सायकल ट्रेल, त्याच्यावर पूल, हायवेखालचा बोगदा. माझ्या घरापासून चार मैलांवर. तिथे मी कधी जाणार? मग माझा त्याच्याशी संबंध काय?

कोर्टकचेरी

हा 'माझा त्याच्याशी संबंध काय' प्रश्न अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात जाऊन आलाय, आणि तोही तुमच्याच भागातून, टिगार्डमधून, ओढ्याकाठच्या सायकल ट्रेलवरूनच! त्यामुळे सविस्तर सांगतो.

फ्लॉरेन्स डोलन म्हणून बाई होत्या, टिगार्डच्या मेन स्ट्रीटवर फॅनो क्रीकच्या काठाला त्यांचं प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान होतं. ९,७०० चौरस फुटांचं दुकान १७,६०० फुटांचं करायचं आणि पार्किंग फरसबंद करायचं म्हणून परमिट मागितलं. शहर म्हणालं ठीक, पण ओढ्याची पूररेषेतली जमीन हरितपट्ट्यासाठी द्या आणि तिला लागून १५ फुटांची पट्टी पायी-सायकल मार्गासाठी द्या. दोन्ही मिळून त्यांच्या प्लॉटचा साधारण दहावा हिस्सा. शहराचा युक्तिवाद, मोठं दुकान म्हणजे जास्त गाड्या, दिवसाला अंदाजे ४३५ फेऱ्या जास्त, सायकल मार्ग झाला तर त्यातल्या काही कमी होऊ शकतील.

१९९४ ला कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी डोलनबाईंच्या बाजूनं निकाल दिला. ट्रेल मागूच नये असं कोर्ट म्हणालं नाही. म्हणालं की 'होऊ शकतील' एवढ्यावर भागणार नाही, तुम्ही जे मागताय ते या बांधकामामुळे पडणाऱ्या भाराच्या ढोबळ प्रमाणात तरी आहे हे त्या-त्या प्रकरणात दाखवा. त्याच्या आधी १९८७ च्या नोलन केसमध्ये, ती कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावरची, कोर्टानं पहिली अट घातली होती की मागणीचा आणि बांधकामाच्या परिणामाचा मुळात संबंध असला पाहिजे. संबंध आणि प्रमाण, या दोन चाळण्या. तिथून पुढे अमेरिकेतल्या प्रत्येक शहरानं वीस पानी पीडीएफ काढायला घेतली असं म्हटलं तरी चालेल, तुमच्या हातात आहे ती पण त्यातलीच.

नंतर २०१३ ला कून्ट्झ केसमध्ये ठरलं की जमिनीऐवजी पैसे मागितले तरी याच चाळण्या. आणि २०२४ ला शीट्झ केस, कॅलिफोर्नियाच्या एल डोराडो काउंटीतली, एका माणसाला स्वतःच्या जागेवर तयार घर आणून ठेवायचं होतं तर २३,४२० डॉलरची ट्रॅफिक फी लागली. काउंटी म्हणाली ही आमची सगळ्यांना सारखी असलेली, नियमानं ठरवलेली फी आहे, एकेकाची चाळणी कशाला. नऊच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की नियमानं ठरवली म्हणून सुटका नाही. पण सरसकट फीचा हिशोब एकेका घरापुरता किती बारीक असायला हवा, हे मात्र तिथे ठरवलं नाही, मोकळं सोडलं. त्यामुळे सगळ्या शहरांचे वकील सध्या थोडे दचकून आहेत.

तुमच्या चार मैलांचं म्हणाल तर, ट्रेल ही पूर्ण शहराची व्यवस्था धरली जाते. झोपाळ्याचं छोटं पार्क अर्ध्या मैलातल्या लोकांचं, मोठं क्रीडांगण किंवा ट्रेलचं जाळं सगळ्या गावाचं, असं अभ्यासात लिहिलेलं असतं आणि ते टिकतं. जिथे शहर फसतं ते म्हणजे झोन पाडलेले असतात, फी या झोनमध्ये गोळा केली आणि खर्च त्या झोनमध्ये केला. ते तपासा.

सायकलस्वार_८८

फॅनो क्रीक ट्रेलवर अधूनमधून सायकल चालवतो मी, टिगार्डच्या मेन स्ट्रीटपाशी ओढ्याच्या कडेनं जातो तो. माहीतच नव्हतं की यावर एवढं रामायण झालंय.

ट्रेलबद्दल एक सांगतो, मी काही तज्ज्ञ नाही पण मीटिंगांना जातो. पार्कला एक तुकडा लागतो, तो मिळाला की काम झालं. ट्रेलला साखळी लागते. नव्वद टक्के झाला आणि मधला एक मालक अडून बसला की तो ट्रेल म्हणजे दोन निरुपयोगी तुकडे. डेव्हलपर आपापल्या प्लॉटपुरता आपला तुकडा बांधतो, फीमध्ये तेवढी क्रेडिट, म्हणजे सूट, घेतो, आणि तुम्हाला ठिकठिकाणी असे सुंदर दहा फुटी डांबरी रस्ते दिसतात जे एकदम झुडपात जाऊन संपतात. समोर पाटी, ट्रेल एंड्स. आजूबाजूला नवीन बांधकाम नसेल तर ते मधले तुकडे कधीच फीतून होत नाहीत, त्याला बाँडचेच पैसे लागतात. २०१९ ला पोर्टलंड परिसराच्या मेट्रो या प्रादेशिक सरकारचा ४७.५ कोटी डॉलरचा पार्क्स अँड नेचर बाँड मतदानात पास झाला, अशा पैशातून ते सांधे भरतात.

बिल्डरकी

सायकलस्वारांनी क्रेडिटचा विषय काढलाच आहे तर, हे बिल्डरच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं आहे. आम्ही स्वतः ट्रेल बांधून दिला तर शहराला तो खूप स्वस्तात पडतो, आमची मशिनरी तिथे उभीच असते. पण क्रेडिट कशाची मिळेल ते आधी लेखी घ्या. शहराच्या कामांच्या यादीत असलेल्या ट्रेलची मिळते. तुम्ही सोसायटीच्या लोकांसाठी कुंपणाच्या आत केलेली हिरवळ, स्विमिंग पूल, क्लबहाउस, याला बहुतेक ठिकाणी काही मिळत नाही, मिळाली तर थोडीशी. मी एका प्रकल्पात बघितलंय, डेव्हलपरनं हौसेनं लाकडी पूल वगैरे बांधला, आणि मग काउंटरवर कळलं की यादीत तो ट्रेल ओढ्याच्या पलीकडच्या काठानं आहे. एक डॉलर मिळाला नाही.

चाफा

सगळ्यांचं वाचलं. मला यातली मूळ अडचण वेगळी वाटते. फी फक्त बांधायला मिळते, सांभाळायला नाही, त्यामुळे गाव जेवढं वाढतं तेवढी पार्कं वाढतात आणि तेवढाच सांभाळायचा खर्चही वाढतो, पण तो देणारं कुणी नाही. पोर्टलंडमध्ये पार्क्सची एसडीसी १९९८ पासून आहे. नवीन पार्कं झाली. आणि तिथेच रोजच्या खर्चाला पैसे पुरेनात म्हणून नोव्हेंबर २०२० ला मतदारांकडून पाच वर्षांची वेगळी लेव्ही, म्हणजे जादा टॅक्स, घ्यावी लागली, दर हजार डॉलर करपात्र किमतीला ८० सेंट. ती संपत आली तर २०२५ च्या नोव्हेंबरला परत मतदान, या वेळी १ डॉलर ४० सेंट. पास झाली, पण आकडा किती वाढला बघा.

दुसरं म्हणजे हा पैसा फक्त जिथे बांधकाम आहे तिथेच जन्माला येतो. शहराच्या कडेला नवीन वसाहती होतात तिथे नवीकोरी पार्कं. जुन्या, दाट, गरीब वस्तीत गेल्या पन्नास वर्षांत कुणी नवीन घर बांधलं नाही, तिथे झोनप्रमाणे फी जमणारच नाही, आणि खरी गरज तिथेच. सॅन दिएगोनं २०२१ ला यावर तोडगा म्हणून भागाभागाच्या वेगवेगळ्या फिया काढून पूर्ण शहराला एकच पार्क फी केली, आणि नुसते एकर मोजण्याऐवजी त्या पार्कात काय-काय आहे याला गुण द्यायची पद्धत आणली. त्यावर भांडणंही झाली, कारण एकर न वाढवता जुन्याच पार्कात सोयी घालून गुण मिळवता येतात. पण निदान प्रश्न तरी ओळखला.

आणि घरं महाग झाली की फी पहिली कापली जाते. २०२५ मध्येच पोर्टलंडनं नवीन घरांवरच्या एसडीसी काही वर्षांपुरत्या माफ करून टाकल्या, घरबांधणीला उठाव मिळावा म्हणून. म्हणजे तेजीत पैसा, मंदीत शून्य, आणि मध्येच माफी. यावर पार्कांचं दीर्घ नियोजन कसं करायचं?

नकाशेवाला

चाफा, तुमचं बरोबर आहे, फक्त एक जोडतो. फी हा एकच रस्ता कुणी ठेवू नये, आणि शहाणी शहरं ठेवतही नाहीत. अटलांटाच्या बेल्टलाइनचं बघा, जुन्या रेल्वेलाइनींवरचा २२ मैलांचा फेरा, त्यासाठी २००५ ला टॅक्स अ‍ॅलोकेशन डिस्ट्रिक्ट केला. म्हणजे ट्रेलमुळे आजूबाजूच्या जमिनीची किंमत वाढणार, त्या वाढीव किमतीवरचा वाढीव टॅक्स त्याच प्रकल्पाला. त्यात पैसे परमिटच्या खिडकीवर नाही तर पुढची कितीतरी वर्षं येत राहतात. अर्थात तिथेही मंदीत जमिनीचे भाव पडले की पैसा आटतो, आणि भाव वाढले की जुने भाडेकरू बाहेर पडतात, ती वेगळी डोकेदुखी. देखभालीला मात्र लेव्ही किंवा स्वतंत्र पार्क डिस्ट्रिक्ट यासारखा दरवर्षीचा पैसा लागतोच. तुमच्या शेजारच्या बीव्हर्टनमध्ये पार्कं सिटीकडे नाहीतच, टुआलाटिन हिल्स म्हणून वेगळा डिस्ट्रिक्ट आहे १९५५ पासून, त्याला स्वतःचा टॅक्स आहे.

घरकुल, एक महत्त्वाचं विचारायचं राहिलं. तुमच्या प्लॉटवर आधी काही होतं का? की मोकळी जमीन?

घरकुल_ओरेगन

होतं ना, एक पडकं घर होतं, दोन बेडरूमचं. आम्ही घेतल्यावर मागच्या वर्षी पाडलं. का?

नकाशेवाला

अहो मग हे आधी सांगायचं! फी 'वाढीव' भारावर असते. तिथे एक कुटुंब आधीच राहत होतं, त्याचा भार आधीच धरलेला आहे. तुम्ही एक घर पाडून एकच घर बांधताय तर बहुतेक शहरं आधीच्या घराची क्रेडिट देतात. फी दर घरामागे असेल तर पार्क्सची रक्कम शून्यावर यायला हवी, आकारावर असेल तर फक्त फरकाची. पाडून किती वर्षं झाली तर चालतं याची मुदत प्रत्येक शहराची वेगळी असते, मागच्या वर्षीचं आहे तर बहुधा बसेल, तरी त्यांच्या नियमात बघून घ्या. पाणी आणि सांडपाण्याचंही असंच बघा, तिथे मीटरच्या साइजवर असतं. आपोआप कुणी देत नाही, मागावी लागते.

बिल्डरकी

काउंटरवर जाताना डिमॉलिशन परमिट, काउंटी असेसरच्या (टॅक्ससाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या ऑफिसच्या) रेकॉर्डमधलं जुन्या घराचं पान, आणि मिळालं तर जुनं पाण्याचं बिल न्या. पूर्ण फी भरून बसू नका, नंतर रिफंड मागणं म्हणजे हेलपाटेच. आणि काही उरलंच तर हप्त्यानं भरायची सोय विचारा, ओरेगनमध्ये ती असते, घरावर बोजा चढवतात आणि व्याज लागतं, पण रोख अडकत नाही.

घरकुल_ओरेगन

असेसरच्या वेबसाइटवर आत्ता बघितलं, घर १९५२ चं, ८६० चौरस फूट, दोन बेडरूम, सगळं आहे. डिमॉलिशन परमिट बिल्डरकडे असेल, त्याला मेसेज टाकला. त्याचं उत्तर, "ओह, राइट." बस एवढंच.

सोमवारी सगळे कागद घेऊन काउंटरवर जातोय. आमच्या शहरात फी दर घरामागेच आहे, पीडीएफच्या सोळाव्या पानावर. बायको म्हणतेय पैसे वाचले तर घसरगुंडी आपणच घेऊन देऊ पार्कला. तसं देता येतं का कुणाला माहितीय?

मंजू_टेक्सास

येतं, पार्क्स डिपार्टमेंटला डोनेशनचा फॉर्म असतो. पण आधी विचारा हं, खेळणी त्यांच्या सेफ्टीच्या नियमात बसणारीच घेतात आणि बसवायचा खर्च घसरगुंडीपेक्षा जास्त येतो, खाली ते मऊ भुश्याचं किंवा रबराचं सगळं करावं लागतं.